फुकटचा मुक्काम

भवानी पेठ, सोलापूर
२० नोव्हेंबर १९७४

प्रिय महानंदा,

दसऱ्याला आलेलं तुझं पत्र महिनाभर माझ्या उशीखाली पडून आहे आणि मी तुला साधी पोहोचसुद्धा दिली नाही, याची आधी माफी मागते. आजारी वगैरे कुणी नाही. लिहायला बसायचं आणि उठायचं, असं चार वेळा झालं. पाकिटावर तुझ्या यजमानांचं, डॉक्टरांचं नाव न घालता मुद्दाम तुझं एकटीचं घातलं आहे. हवाई पत्राच्या निळ्या कागदात भागणार नाही म्हणून जाड पाकीट आणलं, ते आमच्या ह्यांना कळलं तर पोस्टाच्या खर्चावरून अर्धा दिवस बोलतील. तू लिहितेस की पाच डिसेंबरला डॉक्टर विमानाच्या तिकिटांचे पैसे भरणार, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला तुम्ही तिघं सोलापूरला येणार आणि तुमच्या मुलीची, नीलाची लिंगदीक्षा स्वामींच्याच हातून होणार. ते पैसे भरायच्या आधी हे पत्र वाच. डॉक्टर हॉस्पिटलात गेल्यावर, दार लावून, एकटीने वाच.

तुम्ही आम्हाला ओळखता ते जून महिन्यातल्या दोन आठवड्यांपुरतं. त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. आमच्या ह्यांचा चिक्कूपणा पेठेत प्रसिद्ध आहे. माणूस वाईट नाही. कारागिरांची मजुरी एक दिवस उशिरा दिली नाही की गिऱ्हाइकाला कधी हलका माल भारी म्हणून विकला नाही. पण स्वतःवर खर्च करायची वेळ आली की हात खिशातच अडकतो. आमच्या चादरीच्या कारखान्यातल्या चारही मागांच्या लोखंडावर ब्लॅकबर्न हे विलायतेतल्या गावाचं नाव इंग्रजीत उठवलेलं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते, की हे गाव एकदा डोळ्यांनी बघायचं. आठ वर्षं पैसे साठवून ह्यांनी सर्वांत स्वस्तातली तिकिटं काढली. रिझर्व्ह बँकेने माणशी शंभर डॉलर मंजूर केले, आणि त्या दोनशे डॉलरांना परदेशात हात लावायचा नाही, असं ह्यांनी सोलापुरातच मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या कुणी लंडनची माहिती गोळा केली असती. ह्यांनी तिकडे कोण कोण ओळखीचे राहतात त्यांचे पत्ते गोळा केले. त्यातच तुमचा पत्ता होता, डॉक्टरांच्या अक्कलकोटच्या चुलतभावाने दिलेला. दोन रात्री राहा, फार तर, असं त्याने बजावलं होतं.

मी तीन दिवस चुलीपुढे बसून दीडशे कडक भाकरी भाजल्या. शेंगाचटणीचे दोन डबे भरले. लंडनच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने एक भाकरी उचलली, वाकवून पाहिली, टेबलावर वाजवून पाहिली आणि दुसऱ्या साहेबाला बोलावलं. ह्यांनी त्याच्यासमोर तुकडा मोडून खाल्ला तेव्हा सुटलो. मला हसू आलं होतं. पुढे लंडनमध्ये ते हसू टिकलं नाही. स्टेशनजवळच्या एका लॉजवर तीन रात्री काढल्या. सकाळचा नाश्ता भाड्यातच होता, पण त्यात अंडी आणि कसलं कसलं मांस. आम्ही नुसता पाव खायचो आणि हे उरलेल्या चकत्या रुमालात बांधून कोटाच्या खिशात घालायचे. वाढणारी पोरगी बघत असायची. राणीचा वाडा बाहेरून पाहिला, तो किल्ला बाहेरून पाहिला, बोटी काठावरून पाहिल्या. एका चहात दोघं. तिसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर बसून मी भाकरी आणि चटणी खात होते, टाचांना फोड आले होते, आणि एक म्हातारी मडम माझ्या मांडीवर नाणं ठेवून गेली. महानंदा, सव्वीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा घराबाहेर हिंडायला निघाले होते, आणि मला कुणीतरी भिकारीण समजलं. मी रडले. ह्यांनी ते नाणं उचलून खिशात टाकलं.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की तुमच्या दारात आम्ही कुठल्या अवस्थेत उभे राहिलो ते तुला समजावं. त्या दिवशी बसमध्ये थंडी वाजत होती म्हणून ह्यांनी अंगावर भगवी शाल घेतली होती. मठाला देणगी दिल्यावर मिळालेली, फुकटची म्हणून मुद्दाम बरोबर आणलेली. पहाटे लॉजवर लिंगपूजा केली होती, त्यामुळे कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष. तू दार उघडलंस. तुझ्या मागे डॉक्टर होते, आणि त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं ती नजर मी कधी विसरणार नाही. तुझ्या सासूबाईंच्या पोटातल्या गाठीचं तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. महिनाभर डॉक्टर आईसाठी आपल्या लिंगायतांचे जंगम स्वामी शोधत होते, सगळ्या इंग्लंडात कुणी मिळालं नव्हतं, हेही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, चुलतभावाने सोलापूरहून स्वामीच धाडून दिले. दारातच ते वाकले आणि ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चन्नप्पा शेटे, चादरीचा व्यापारी, भवानी पेठ, एवढंच. ह्यांनी काय केलं, तर म्हणाले, आम्ही दोनच रात्री राहणार आहोत. डॉक्टर म्हणाले, दोन रात्री कसल्या, स्वामी, परत जाईपर्यंत इथून हलायचं नाही. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बारा रात्रींचा लॉज वाचला, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग तू स्टीलची परात आणलीस, डॉक्टरांनी ह्यांचे पाय धुतले, तुम्ही सगळ्यांनी ते पाणी डोळ्यांना लावलं. पाय मागे घेता आले असते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. माझं पाप हे, आणि ते मी ह्यांच्यावर ढकलणार नाही. माझ्या टाचा दुखत होत्या. स्वयंपाकघरातून आमटीला फोडणी दिल्याचा वास येत होता. तू मला अम्मा म्हणालीस आणि गादीवर बसवलंस.

दुसऱ्या दिवशी तुमच्या मागच्या मैदानात फिरताना आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, आत्ता जाऊन खरं सांगा. ह्यांचं म्हणणं, आपण कुठे काय खोटं बोललो? त्यांनी समजून घेतलं त्याला आपण काय करणार? दोन आठवड्यांचा प्रश्न, आपल्या असण्याने त्यांनाही बरं वाटतंय, कुणाचं काही गेलं नाही. आणि खरं सांगू, रोज सांगायचं ठरवायचं आणि रोज काहीतरी मिळायचं. डॉक्टरांनी गाडीतून ब्लॅकबर्नला नेलं. तिथल्या बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला हात लावून हे लहान मुलासारखे उभे राहिले. मग तळी दाखवली, समुद्र दाखवला. एक पैसा कुठे द्यावा लागला नाही. रात्री पेटी उघडून हे डॉलर बघायचे आणि पुन्हा ठेवायचे.

मग तो बुधवार आला. तुझ्या सासूबाईंनी, नागव्वांनी, अन्न सोडलं. दिवाणखान्यात डॉक्टर ह्यांच्यासमोर हात जोडून बसले आणि म्हणाले, उद्या आईला विभूती लावून तुमचं पादतीर्थ द्या, तेवढ्यासाठी तिचा जीव अडकलाय. तू दारात उभी होतीस. हे हो म्हणाले नाहीत, पण मान हलली. पाहुणचार खाणं वेगळं. मरणाऱ्या बाईला शेवटचं तीर्थ म्हणून चादरवाल्याच्या पायाचं पाणी पाजणं, हे मला सहन होणारं नव्हतं. मी ठरवलं, डॉक्टरांना सांगायचा धीर होत नाही तर नागव्वांना सांगायचं. ज्यांची फसवणूक, त्यांनी काय ती शिक्षा करावी.

गुरुवारी सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि त्यांचे केस विंचरायला मी बसले, आठवतं? तेव्हा मी तोंड उघडलं. एक शब्द बाहेर पडायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. त्या कन्नड घरातल्या, पण माझ्याशी अक्कलकोटच्या मराठीतच बोलायच्या. त्या म्हणाल्या ते शब्द न् शब्द सांगते.

"तुजा नवरा स्वामी न्हाय. मला दुसऱ्याच दिशी कळलं की. माज्या अंगावरची चादर चिमटीत धरली आन् म्हनला, वीसचं सूत हाय, साखर पेठेतला माल. स्वामी कवा चादरीचं सूत बगतो व्हय?"

फणी मी बाजूला ठेवली. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर त्यांनी लावू दिला नाही. म्हटलं, मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत? आता मी जाते, डॉक्टरांना सांगते, आजचं थांबवते. त्यावर त्यांनी मनगट आणखी घट्ट केलं. एवढी ताकद त्या देहात कुठून आली कुणास ठाऊक.

"गप ऱ्हा. माजं लिंग माज्या गळ्यात हाय, मला कुनाच्या पायाचं पानी लागत न्हाय. माज्या सिद्रामला लागतंय. आईला हितं आनलं आन् काय मिळालं न्हाय, असं त्याला जलमभर टोचंल. त्याला बगू दे, आईला समदं मिळालं म्हनून. त्याला कवा सांगू नगं."

मी शब्द दिला. पुढचं तू स्वतः पाहिलंस. डॉक्टरांनी परात धरली, ह्यांचे पाय थरथरत होते आणि पाणी काठावरून सांडत होतं. तुम्हाला वाटलं, स्वामींना गहिवरून आलं. नागव्वांनी चमच्याने तीर्थ घेतलं, डोळे मिटले आणि डॉक्टरांच्या डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. आपल्या रीतीने बसवून पुरता आलं नाही म्हणून डॉक्टर कासावीस झाले, तेव्हा ह्यांनीच त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवून बोटं मिटवली. पेठेतल्या शंभर मयतींना गेलेला माणूस, रीत सगळी पाठ. डॉक्टर शेवटी ह्यांच्या गळ्यात पडून रडले आणि म्हणाले, तुम्ही आला नसता तर मी आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं. नागव्वांनी सांगितलं होतं अगदी तेच. मुलाला इतकं ओळखणाऱ्या त्या बाईचा मला त्या क्षणी हेवा वाटला, आणि स्वतःची लाज वाटली.

परत आल्यावर हे एकशे त्र्याऐंशी डॉलर बँकेत भरायला गेले. तिथल्या कारकुनाने म्हणे आजवर इतके डॉलर परत आणणारा माणूस पाहिला नव्हता. पूर्वीचे हे असते तर ही गोष्ट पेठेत महिनाभर पुरली असती. ह्यांनी ती मलासुद्धा नीट सांगितली नाही. जेवताना मध्येच घास ठेवून उठायचे. स्वतःच्या पायांकडे बघत बसायचे. नागव्वांना सगळं कळलं होतं हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी वाटलं, शब्द दिला आहे. पण खोटं कशाला सांगू, थोडी शिक्षा भोगू दे, असंही वाटलं. सव्वीस वर्षांत साठलेला राग होता, आणि बागेतल्या त्या नाण्याचाही होता.

आणि मग तुझं पत्र आलं. ते ह्यांनी मोठ्याने वाचलं. आता तरी खरं लिहितील म्हणून मी पेन आणून पुढ्यात ठेवलं. तर म्हणाले, आता खरं सांगितलं तर डॉक्टर म्हणतील, माझी आई फसवणुकीत गेली. त्यांना जगणं मुश्कील होईल. एक केलं, आता दुसरं करावंच लागेल. ते अर्धं खरं होतं, म्हणून मी पेन उचलून परत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून हे आमच्या मठातल्या गुरुपादय्या स्वामींकडे जाऊन बसायला लागले. दीक्षा कशी देतात, कानात मंत्र कसा सांगतात, लिंग कसं बांधतात, सहज विचारल्यासारखं करून एकेक काढून घ्यायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं. परवा मी स्वतः गुरुपादय्यांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, नागव्वांचं बोलणंसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आईचं आईनं मिटवलंय, त्यात मी बोलायचा न्हाय. मुलगी किती वर्सांची?" मी म्हटलं, नऊ. "तिला माज्याकडं आना," म्हणाले.

आता हे पत्र आजच का लिहिलं, ते ऐक. काल संध्याकाळी ह्यांनी मला समोर पाटावर बसवलं. म्हणाले, तू नीला आहेस असं समज. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा विधी म्हणून दाखवला. आवाज खणखणीत, हात स्थिर. एक अक्षर चुकलं नाही. संपल्यावर परीक्षा दिलेल्या मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले. इतके दिवस मला आशा होती, की आयत्या वेळी ह्यांची बोबडी वळेल आणि देवच आपल्याला सोडवेल. काल कळलं, आता ह्यांना कुणी अडवणार नाही. तुझी मुलगी जन्मभर रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन ज्या गुरूची आठवण काढेल, तो गुरू म्हणजे लॉजचं भाडं वाचवायला तुमच्याकडे राहिलेला माझा नवरा असेल. म्हणून मी शब्द मोडला. नागव्वांनी गप्प राहायला सांगितलं ते त्यांच्या मुलासाठी. नातीचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. डॉक्टरांना सांगायचं की नाही ते तू ठरव, त्यांना तू माझ्यापेक्षा ओळखतेस. हे पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं की मी घरी जाऊन ह्यांना नागव्वांचं सगळं सांगणार आहे, मग ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. तुम्ही येऊ नका असं मी लिहीत नाही. आलात तर आमच्या घरी उतरा, गुरुपादय्या वाट बघतील, आणि दारात तुम्हाला चन्नप्पा शेटे नावाचा एक चादरवाला भेटेल. पण पाच तारखेला पैसे भराल ते कशासाठी भरता आहात, हे कळून भरा.

तुझीच,
गिरिजाक्का